किती सह्या पुरेशा?

२०२२ सालच्या ऑगस्टअखेर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या चार सदस्यांच्या निवडणूक मंडळासमोर एक प्रस्ताव आला. गर्भपातासह प्रजननविषयक हक्क राज्यघटनेत लिहिले जावेत, यासाठी लोकांना थेट मतदान करू द्या, अशी ती मागणी होती. कायद्याने ४,२५,०५९ सह्या हव्या होत्या, कार्यकर्त्यांनी ७,५३,७५९ आणून दिल्या. निवडणूक विभागाने नमुना तपासून त्यांतल्या जवळपास सहा लाख ग्राह्य धरल्या. तरीही मंडळ दोन विरुद्ध दोन असं फुटलं. विरोधकांचा आक्षेप सह्यांवर नव्हताच. छापलेल्या मसुद्यात काही शब्दांमधली मोकळी जागा इतकी अपुरी आहे की शब्द एकमेकांना चिकटले आहेत आणि त्यामुळे मजकूर निरर्थक झाला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. साडेसात लाख सह्या काही दिवस या मोकळ्या जागेत अडकून पडल्या. ८ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवर घेण्याचा आदेश दिला, आणि नोव्हेंबरात सुमारे ५७ टक्के मतदारांनी तो मंजूर केला.

नागरिकांनी स्वतः कायदा सुचवायचा, पुरेशा सह्या जमवायच्या आणि मग सगळ्यांनी त्यावर मत द्यायचं, ही पद्धत आज अमेरिकेच्या सुमारे दोन डझन राज्यांत, संपूर्ण स्वित्झर्लंडमध्ये आणि थोड्या वेगळ्या रूपांत इटली, उरुग्वे, तैवान, जर्मनीतली राज्यं अशा अनेक ठिकाणी आहे. सह्यांची अट सगळीकडे असते, आणि ती असायलाच हवी. दहा जणांच्या मनात आलं म्हणून कोट्यवधी लोकांना मतदान केंद्रावर बोलावता येत नाही. वाद असतो तो ही अट किती कडक असावी, याचा. पण चर्चा बहुतेक वेळा टक्केवारीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात पाच टक्क्यांची अट एखाद्या राज्यात सोपी असते आणि दोन टक्क्यांची दुसरीकडे जीवघेणी ठरते. टक्के कशाचे, मुदत किती, सह्या कुठून आणायच्या, तपासणार कोण आणि गोळा करणाऱ्याला पैसे कोण देणार, यावर सगळं ठरतं. आणि गेल्या काही वर्षांत या कमी दिसणाऱ्या कलमांमधूनच लोकांचा हक्क आवळला जातो आहे.

पद्धत मूळची स्विस. तिथे १८७४ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याला आव्हान देण्याचा हक्क ३० हजार सह्यांवर मिळाला, आणि १८९१ मध्ये ५० हजार सह्यांवर राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्याचा. जे. डब्ल्यू. सलिव्हन हा अमेरिकन कामगार चळवळीतला पत्रकार स्वित्झर्लंडला जाऊन हे पाहून आला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. रेल्वे कंपन्यांच्या पैशावर नाचणाऱ्या विधिमंडळांना विटलेल्या शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी ते उचलून धरलं. साउथ डकोटात रॉबर्ट हेअर नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने ही मागणी लावून धरली आणि १८९८ मध्ये ते राज्य पहिलं ठरलं. १९०२ मध्ये ओरेगन आणि १९११ मध्ये कॅलिफोर्निया त्या वाटेने गेलं. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हायरम जॉन्सन सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीविरुद्ध प्रचार करूनच निवडून आले होते. पैसेवाल्यांच्या हातून कायदा काढून घेण्यासाठी आणलेलं हे हत्यार पुढे कुणाच्या हाती गेलं, हे पाहिल्यावर वाईट वाटतं.

आधी टक्क्यांचं पाहू. कॅलिफोर्नियात साध्या कायद्यासाठी ५ टक्के आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. हे टक्के मतदारयादीचे नाहीत, गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्यांचे आहेत. २०१४ ची ती निवडणूक इतकी थंड झाली की पुढची चार वर्षं ३,६५,८८० सह्यांवर कायदा सुचवता येत होता. २०१८ मध्ये लोक उत्साहाने बाहेर पडले आणि आकडा एकदम ६,२३,२१२ वर गेला. २०२२ नंतर तो ५,४६,६५१ आहे. म्हणजे एका निवडणुकीत लोक घरी बसले की पुढच्या चार वर्षांत प्रस्ताव आणणं सोपं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, याचं पटण्याजोगं उत्तर मिळत नाही. नॉर्थ डकोटा लोकसंख्येचे टक्के मोजतं. वायोमिंगला झालेल्या मतदानाच्या १५ टक्के सह्या लागतात आणि त्याही दोन तृतीयांश काउंट्यांमध्ये विखुरलेल्या. तिथे असा प्रस्ताव क्वचितच मतपत्रिकेपर्यंत पोचतो, यात नवल नाही.

स्वित्झर्लंडने टक्के न घेता ठरावीक आकडा घेतला. १८९१ मध्ये ५० हजार म्हणजे मतदारांच्या सात-आठ टक्के होते. १९७१ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, मतदार दुपटीहून जास्त झाले, म्हणून १९७७ मध्ये आकडा एक लाख केला. आज मतदार साधारण ५५ लाख आहेत, म्हणजे अट दोन टक्क्यांच्याही खाली आली. मग तिथे प्रस्तावांचा पूर आला का? प्रस्ताव वाढले खरे, पण सव्वाशेहून अधिक वर्षांत मंजूर झालेले पंचवीसच्या आसपासच आहेत. मतदानात लोकांचं आणि कँटनांचं, म्हणजे तिथल्या राज्यांचं, असं दुहेरी बहुमत लागतं, तिथे बहुतेक प्रस्ताव पडतात. गाळणी मतदानाच्या टप्प्यावर असली की सह्यांच्या टप्प्यावर फार घट्ट बसवावी लागत नाही, हे स्विस अनुभवातून दिसतं.

सह्यांच्या गाळणीत प्रस्तावाची गुणवत्ता पारखली जात नाही, हेही तिथेच दिसलं. या हक्काखाली १८९३ मध्ये मंजूर झालेला पहिलाच प्रस्ताव होता जनावर बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी घालण्याचा. वर प्राणिदया होती, पण रोख ज्यूंच्या धार्मिक पद्धतीवर होता. २००९ मध्ये मिनार बांधण्यावर बंदी अशाच वाटेने आली. अल्पसंख्याकांच्या हक्कांना धोका असेल तर तो सह्या वाढवून टळत नाही, कारण बहुसंख्यांना जास्त सह्या जमवणं अवघड नसतंच. त्यासाठी न्यायालय आणि घटनेतली पक्की कलमं लागतात.

मुदतीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीसाठी १८ महिने मिळतात, कॅलिफोर्नियात १८० दिवस. जर्मनीतल्या बव्हेरियात तर फक्त १४ दिवस, आणि तेवढ्यात मतदारांपैकी दहा टक्के लोकांनी सही करायची. सहीसाठी कुणी दारात येत नाही. मतदाराने स्वतः ओळखपत्र घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत जायचं. बहुतेक मोहिमा इथे आपटतात. पण २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मधमाश्या वाचवण्यासाठी मोहीम झाली तेव्हा गोष्ट वेगळी घडली. दोनच वर्षं आधी जर्मनीतल्या अभयारण्यांमधल्या नोंदींवरून उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत पाऊण हिश्श्याने घटल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं. एका लहान पक्षाने आणि पक्षीप्रेमींच्या संघटनेने मसुदा केला: सेंद्रिय शेतीचं क्षेत्र वाढवा, ओढ्यांच्या काठी पट्टा मोकळा ठेवा, फुलोऱ्याची कुरणं राखा. थंडीत म्युनिकच्या नगरभवनासमोर रांगा लागल्या. साडेनऊ लाखांच्या आसपास सह्या पुरल्या असत्या, झाल्या १७ लाख ४० हजारांहून अधिक. शेतकरी संघटनांचा विरोध होता, सरकारही आधी अनुकूल नव्हतं. पण अठरा टक्के मतदार कचेरीत येऊन सही करून गेल्यावर सरकारने सार्वमताची वाट न पाहता मसुदा स्वीकारला आणि जुलैमध्ये विधिमंडळाने कायदा केला.

बव्हेरियाच्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. तिथे सही विकत आणता येत नाही, कारण सही करणारा स्वतः चालत येतो. दोषही तितकाच मोठा. हातावर पोट असलेला, आजारी किंवा दूर खेड्यात राहणारा माणूस कामाच्या वेळेत कचेरी कशी गाठणार?

अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे सुपरमार्केटच्या दाराशी घडीचं टेबल मांडून माणूस उभा असतो. हातात पुठ्ठ्याला लावलेले चार-पाच वेगवेगळ्या प्रस्तावांचे कागद असतात. एकाला थांबवलं की एकाच दमात सगळ्यांवर सह्या घ्यायच्या. तो बऱ्याचदा त्या गावचा नसतो, मोसम असेल तसा राज्याराज्यांतून फिरतो, आणि त्याला सहीमागे पैसे मिळतात. कोलोरॅडोने १९४१ पासून पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर बंदी घातली होती. ट्रकवाहतुकीच्या नियमांबाबत प्रस्ताव आणू पाहणाऱ्या नागरिकांनी तिला आव्हान दिलं आणि १९८८ मध्ये मायर विरुद्ध ग्रँट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बंदी रद्द केली. सही मागणं म्हणजे राजकीय संवाद आहे, आणि तो पैसे देऊन करण्याचा हक्कही भाषणस्वातंत्र्यात येतो, असा निकालाचा आशय होता. तर्क समजण्यासारखा आहे, पण त्याचा परिणाम सगळ्यांना दिसतो. मुदत कमी, आकडा मोठा आणि पैसे देण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ज्याच्याकडे काही दशलक्ष डॉलर आहेत त्याचा प्रस्ताव जवळपास हमखास मतपत्रिकेवर जातो. २०२० मध्ये उबर, लिफ्ट आदी कंपन्यांनी आपल्या चालकांना कर्मचारी मानण्याचा कायदा स्वतःपुरता टाळण्यासाठी कॅलिफोर्नियात प्रस्ताव आणला. या मोहिमेवर एकूण २० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि तो मंजूर झाला. रेल्वे कंपनीला वेसण घालण्यासाठी निघालेल्या हत्याराने एका नव्या वाहतूक कंपनीला सूट मिळवून दिली.

म्हणूनच सह्यांची संख्या वाढवली की फालतू प्रस्ताव गळतात, हे म्हणणं फसवं आहे. पैसेवाल्याला आकडा वाढला तर फक्त जास्त पैसे मोजावे लागतात. गळतात ते स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहणारे. अपवाद आहेत आणि ते मनाला उभारी देणारे आहेत. आयडाहो या कर्मठ, विरळ वस्तीच्या राज्यात गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्य योजनेचा विस्तार विधिमंडळ वर्षानुवर्षं टाळत होतं. ल्यूक मेव्हिल आणि त्याच्या दोन मित्रांनी एक जुनी व्हॅन हिरवी रंगवली आणि गावोगाव फिरायला सुरुवात केली. ५६ हजारांहून अधिक सह्या हव्या होत्या, शिवाय ३५ पैकी १८ मतदारसंघांत सहा-सहा टक्के. मुख्यतः स्वयंसेवकांच्या जोरावर ते जमलं आणि २०१८ च्या नोव्हेंबरात ६० टक्क्यांहून अधिक मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. विधिमंडळाने यावर काय केलं? २०२१ मध्ये नवा कायदा करून अट १८ मतदारसंघांवरून सगळ्या ३५ वर नेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला.

सह्या राज्यभर विखुरलेल्या असाव्यात, या अटीमागे एक खरी भावना आहे. नाहीतर सगळ्या सह्या एकाच महानगरातल्या चार मॉलांबाहेर जमतात आणि खेड्यातल्या माणसाला प्रस्तावाची कुणकुण थेट मतपत्रिकेवर लागते. विखुरण्याची थोडी अट रास्त आहे. पण प्रत्येक मतदारसंघातून सह्या हव्यात असं म्हटलं की एकेका मतदारसंघाच्या हाती नकाराधिकार जातो. ओहायोत ८८ काउंट्या आहेत. क्लीव्हलंड जिच्यात आहे त्या कायहोगा काउंटीत साडेबारा लाख लोक राहतात, तर व्हिंटन काउंटीत जेमतेम १३ हजार. तिथे ४४ काउंट्यांमधून सह्या आणाव्या लागतात. २०२३ मध्ये विधिमंडळाने अट सगळ्या ८८ काउंट्यांवर न्यायची आणि मंजुरीसाठी ६० टक्के मतं लागावीत, अशी दुरुस्ती मांडली, आणि मतदान ठेवलं ऑगस्टमध्ये, जेव्हा मतदान कमी होतं. गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव नोव्हेंबरात येणार होता, त्याआधी दार लावून घ्यायचं होतं. लोकांनी हे ओळखलं. ५७ टक्के मतदारांनी दुरुस्ती फेटाळली, आणि नोव्हेंबरचा प्रस्ताव जवळपास तेवढ्याच मतांनी मंजूर केला. आर्कान्सामध्ये मात्र २०२० मध्ये लोकांनी अशीच दुरुस्ती नाकारली, तरी २०२३ मध्ये विधिमंडळाने साधा कायदा करून १५ काउंट्यांची अट ५० वर नेली.

विखुरण्याच्या अटीचा सर्वांत दुःखद किस्सा मिसिसिपीचा. तिथल्या राज्यघटनेत लिहिलं होतं की अमेरिकी काँग्रेसच्या कुठल्याही एका मतदारसंघातून एकूण सह्यांच्या एक पंचमांशाहून जास्त सह्या धरल्या जाणार नाहीत. लिहिताना मतदारसंघ पाच होते. २००० च्या जनगणनेनंतर चार झाले. चार मतदारसंघांतून प्रत्येकी एक पंचमांश, म्हणजे बेरीज ८० टक्के, ती १०० होऊच शकत नाही. वीस वर्षं सगळ्यांनी जुने पाच मतदारसंघ धरून काम चालवलं. २०११ मध्ये दोन प्रस्ताव तसेच मंजूर होऊन राज्यघटनेत गेले. २०२० मध्ये वैद्यकीय गांजाला परवानगी देणारा प्रस्ताव सुमारे ७४ टक्क्यांनी मंजूर झाला, पण मतदानाच्या काही दिवस आधीच एका शहराच्या महापौर न्यायालयात गेल्या होत्या. १४ मे २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: अट शब्दशः पाळली गेलेली नाही, त्यामुळे प्रस्ताव रद्द. त्याबरोबर मिसिसिपीत सह्यांनी प्रस्ताव आणण्याची वाटच बंद झाली. ती पुन्हा उघडायचे मसुदे त्यानंतरच्या अधिवेशनांत आले आणि अडकले. किती सह्या हव्यात, यावर एकमत होईना.

तपासणीच्या टेबलावर काय चालतं, हे पाहायला लॉस एंजेलिसचं उदाहरण चांगलं आहे. २०२२ मध्ये तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांना परत बोलावण्यासाठी ५,६६,८५७ सह्या हव्या होत्या, दिल्या ७,१५,८३३. एकेक सही तपासली गेली आणि १,९५,७८३ बाद झाल्या. मोहीम जवळपास ४७ हजारांनी हरली. एवढ्या सह्या बाद म्हटल्यावर घोटाळ्याची शंका येते. प्रत्यक्षात ८८,४६४ सह्या करणाऱ्यांचं नावच मतदारयादीत नव्हतं. ४३,५९३ जणांच्या सह्या दुसऱ्यांदा आल्या होत्या, आधी केल्याचं बहुधा लक्षात राहिलं नसावं. ३२ हजारांचा पत्ता जुळत नव्हता. सहीच जुळत नाही म्हणून बाद झालेल्या फक्त ९,४९० होत्या. मतदारयादी ताजी नसली, घर बदललेल्या भाडेकरूने नवा पत्ता कळवला नसला, की त्याची सही वाया जाते. भाडेकरू, तरुण आणि गरीब लोक घरं जास्त बदलतात, त्यामुळे ही गळती सगळ्यांची सारखी होत नाही.

राज्यव्यापी प्रस्तावांना कॅलिफोर्नियात आधी नमुना तपासतात: प्रत्येक काउंटीतल्या तीन टक्के किंवा किमान ५०० सह्या. त्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर पास, ९५ च्या खाली आला तर नापास, मधे पडला तर एकूण एक सही तपासायची. इथे दुबार सहीचा हिशेब फार कडक आहे. तीन टक्क्यांच्या नमुन्यात एकाच माणसाच्या दोन्ही सह्या येण्याची शक्यता दहा हजारांत नऊ. म्हणून नमुन्यात अशी एक जोडी सापडली की सगळ्या ढिगात हजाराहून अधिक जोड्या असणार असं धरून तेवढ्या सह्या वजा होतात. गणित बरोबर आहे. पण लहान मोहिमेच्या स्वयंसेवकाला हे ठाऊक नसतं, आणि व्यावसायिक कंपनी आपल्या यादीतून दुबार नावं आधीच गाळून बसलेली असते. अर्थात पैसा असला म्हणून सगळं जमतंच असं नाही. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाची सहा राज्यं करण्याचा प्रस्ताव आणला, अकरा लाखांहून अधिक सह्या दिल्या, आणि ग्राह्य निघाल्या साडेसात लाखांच्या आसपास. ८,०७,६१५ हव्या होत्या.

खोट्या सह्या होत नाहीत असं नाही. सहीमागे पैसे मिळू लागले की काही जण खोलीत बसून सह्या करतात. २०२२ मध्ये मिशिगनमध्ये गव्हर्नरपदाच्या पाच इच्छुकांचे उमेदवारी अर्ज बाद झाले, कारण ३६ भाडोत्री माणसांनी वेगवेगळ्या अर्जांवर मिळून किमान ६८ हजार बनावट सह्या केल्याचं आढळलं. स्वित्झर्लंडमध्येही २०२४ च्या सप्टेंबरात सह्या गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांचं प्रकरण वृत्तपत्रांनी बाहेर काढलं. तिथे प्रत्येक कागदावर एकाच गावच्या लोकांच्या सह्या असतात आणि गावची कचेरी त्या यादीशी ताडून पाहते, त्यामुळे बऱ्याच खोट्या तिथेच पकडल्या गेल्या. नशातेल कँटनने त्याआधीच पैसे देऊन सह्या घेण्यावर बंदी घातली होती. ओरेगनच्या मतदारांनी २००२ मध्ये मधला मार्ग काढला: गोळा करणाऱ्याला पगार द्या, पण सहीमागे दर देऊ नका. न्यायालयात तो टिकला. इतर राज्यांनी याचा विचार करायला हवा होता.

त्याऐवजी अनेकांनी कागदपत्रांचं जाळं विणलं. आर्कान्सामध्ये २०२४ मध्ये गर्भपाताच्या प्रस्तावावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या, ९०,७०४ हव्या होत्या. पगारी गोळा करणाऱ्यांना नियम समजावून दिल्याचं प्रमाणपत्र मोहिमेने आधी दिलं होतं, पण सह्यांच्या गठ्ठ्यासोबत पुन्हा जोडलं नव्हतं. तेवढ्यावरून पगारी लोकांनी आणलेल्या १४ हजार सह्या मोजल्याच गेल्या नाहीत, उरलेल्या सुमारे ८७ हजार अपुऱ्या ठरल्या. न्यायालयात निकाल चार विरुद्ध तीन लागला. त्या १४ हजार माणसांची सही खरी होती का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. फ्लोरिडाने २०२५ मध्ये याच्याही पुढची मजल मारली. नव्या कायद्यानुसार कुटुंबाबाहेरच्या २५ हून अधिक लोकांच्या सह्या आणायच्या तर आधी राज्याकडे नोंदणी करायची, अर्ज दहा दिवसांत पोचवायचे, नाहीतर दंड, सही करणाऱ्याने वाहन परवान्याचा किंवा सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा तपशील लिहायचा, आणि मोहिमेने दहा लाख डॉलरची हमी ठेवायची. २०२६ साठी तिथे ८,८०,०६२ सह्या हव्या होत्या, आणि मतदानात ६० टक्के. मेडिकेड विस्ताराची तिथली मोहीम थेट २०२८ वर ढकलली गेली.

सही म्हणजे आपलं नाव सरकारदरबारी देणं, ही बाजू अमेरिकन चर्चेत कमी येते. उरुग्वेत १९८६ मध्ये लष्करी राजवटीतल्या अत्याचारांना अभय देणारा कायदा झाला. तो रद्द करण्यासाठी मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच लाख सह्या हव्या होत्या. हत्या झालेल्या दोन लोकप्रतिनिधींच्या विधवा, मातिल्दे रोद्रिगेस लारेता आणि एलिसा देयेपियाने, आणि पळवून नेलेल्या नातीच्या शोधात असलेल्या मारिया एस्तेर गाती या तिघी मोहिमेच्या पुढे होत्या. हुकूमशाही संपून उणीपुरी दोन वर्षं झालेली, त्या काळात अशा कागदावर नाव लिहायला धैर्य लागत होतं. ६ लाख ३४ हजार सह्या झाल्या. निवडणूक न्यायालयाने त्या तपासायला वर्ष घेतलं, शेवटी ३६ हजारांहून अधिक सह्या संशयित ठरवल्या आणि त्या लोकांना दोन-तीन दिवसांत स्वतः येऊन सही आपलीच आहे असं सांगायला लावलं. पुरेसे लोक आले. १९८९ च्या एप्रिलमध्ये मतदान झालं, आणि ५७ टक्क्यांनी कायदा कायम ठेवला. मोहीम हरली, तरी देशाला बोलणं भाग पडलं.

व्हेनेझुएलात २००३-०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष चावेस यांना परत बोलावण्यासाठी चोवीस लाखांवर सह्या झाल्या. सत्ताधारी पक्षाचे खासदार लुईस तास्कोन यांनी ती यादी संकेतस्थळावर टाकली. त्यात नाव असलेल्यांच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये अशा एका प्रकरणात तीन महिला कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सही तपासण्यासाठी नाव लागतं हे खरं, पण ते तपासणाऱ्याच्या हातून बाहेर जाता कामा नये.

आता सही मोबाइलवर आली आहे. इटलीत पाच लाख सह्यांवर कायदा रद्द करण्याचं सार्वमत मागता येतं. हा आकडा १९४८ पासून बदललेला नाही. २०२१ मध्ये सरकारी डिजिटल ओळखीने सही करायची मुभा मिळाली आणि गांजाविषयीच्या प्रस्तावाला आठवडाभरात पाच लाख सह्या मिळाल्या. घटना न्यायालयाने तो अग्राह्य ठरवला, तो भाग वेगळा. २०२५ च्या जूनमध्ये नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्याच्या मुदतीवर सार्वमत झालं, त्यासाठीही सह्या ऑनलाइन जमल्या होत्या. मतदानाला आले तीस टक्के, आणि निम्म्यांहून कमी मतदान झाल्याने ते बाद झालं. तैवाननेही २०१७ च्या अखेरीस सह्यांची अट पाच टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली, तर पुढच्याच वर्षी एका दिवशी दहा प्रश्न मतपत्रिकेवर आले आणि काही अर्जांत मृतांच्या हजारो सह्या सापडल्या. अट सैल केली की तपासणी घट्ट करायची, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. अट पुन्हा आवळावी, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल संसदेच्या खास कायद्याने झाला, लोकांच्या सह्यांवर नव्हे. पण सह्यांवर मतदान घडवण्याची एक सोय महाराष्ट्रात आहे आणि ती गावोगावच्या बायकांनी वापरली आहे. दारूबंदी कायद्याखालच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की दारूच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावं आणि आडवी बाटली म्हणजे बंद व्हावं. पंचवीस टक्के म्हणजे उरुग्वेइतकी कडक अट. पुढे सह्यांची पडताळणी उत्पादन शुल्क विभाग करतो, तेव्हा घरच्यांचा आणि दुकानदाराचा दबाव झुगारून बायका उभ्या राहतात.

खरी कसोटी त्यानंतरची आहे. आडवी बाटली जिंकायची तर पडलेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. लग्न होऊन सासरी गेलेली, मुंबई-पुण्याला कामाला गेलेली, मरण पावलेली पण नाव न कमी झालेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जाते. बीडच्या गावात मतदान ऊसतोडीच्या मोसमात लागलं, तर टोळ्यांबरोबर साखर कारखान्यांकडे गेलेल्या बायकांचंही तसंच. एवढं तरी व्हायला हवं: निवेदन दाखल होताच गावची मतदारयादी नव्याने तपासावी, मतदानाची तारीख टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात धरावी, आणि निकाल पडलेल्या मतांवर लावावा. किमान किती मतदान झालं पाहिजे याची वाजवी अट हवी तर घालावी, पण हजर नसलेल्या बाईचं मत दुकानदाराच्या बाजूने धरू नये.